काटेकोर आणि अचूक

एव्हरेस्टच्या उंचीबद्दल एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १८५६ साली भारताचे सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ यांनी 'पीक १५' या शिखराची उंची २९,००२ फूट असल्याचं जाहीर केलं. या आकडेमोडीशी राधानाथ सिकदार यांचं नाव जोडलेलं आहे. ते सर्वेक्षणाचे मुख्य 'कॉम्प्युटर' होते, कारण त्या काळी कॉम्प्युटर हे माणसाचं पद होतं. गोष्ट अशी, की तराईतल्या सहा ठिकाणांहून घेतलेल्या मापांची सरासरी बरोब्बर २९,००० आली. इतका गोल आकडा छापला तर लोकांना तो अंदाजपंचे वाटेल, म्हणून वर दोन फूट चढवले. गोष्ट खरी असो वा मागाहून रचलेली, ती टिकून राहिली, कारण तिच्यात आपल्या सगळ्यांची एक खोड आहे. आकडा जितका बारीक, तितका तो आपल्याला खरा वाटतो.

या खोडीशी झगडण्यासाठी इंग्रजीतले दोन शब्द मला फार उपयोगी वाटत आले आहेत: प्रिसिजन आणि अ‍ॅक्युरसी. रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूसही हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. प्रयोगशाळेत मात्र दोघांची कामं वेगळी आहेत. एकच गोष्ट पुन्हापुन्हा मोजली तर उत्तरं एकमेकांशी किती जुळतात, ते प्रिसिजन. ती उत्तरं खऱ्या किमतीच्या किती जवळ आहेत, ते अ‍ॅक्युरसी. मराठीत बोलताना आपण दोन्हींना 'अचूक' म्हणून मोकळे होतो. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि वर्गात प्रिसाइजला 'काटेकोर', अ‍ॅक्युरेटला 'अचूक' म्हणते. काटेकोर म्हटलं की काम करणाऱ्याचा हात डोळ्यांपुढे येतो. अचूक म्हणायचं तर जे मोजतो आहोत त्याच्याकडे पाहावं लागतं.

शब्दांची मुळं बघितली तर आणखी गंमत आहे. 'प्रिसाइज'च्या पोटात लॅटिनमधलं कापणं आहे: पुढचा फापटपसारा छाटून टोकदार केलेलं. 'अ‍ॅक्युरेट'च्या पोटात 'क्युरा' आहे, म्हणजे काळजी. बरं करणं या अर्थाचा 'क्युअर' आणि वस्तुसंग्रहालयाचा 'क्युरेटर' हे त्याच घरातले. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही हे मला मान्य आहे, तरी ही जोडी मला मनापासून आवडते. पाजळलेलं पातं वेगळं आणि जपणूक वेगळी.

(प्रमाणं ठरवणाऱ्या मंडळींनी यात एक तिसरा शब्दही आणला आहे. १९९४ च्या आयएसओ ५७२५ या मानकात खऱ्या किमतीशी असलेल्या जवळिकीला 'ट्रूनेस' म्हटलं आहे, आणि ट्रूनेस व प्रिसिजन दोन्ही साधले की मग अ‍ॅक्युरसी. वर्गात मी इतकं खोलात जात नाही.)

हा फरक समजावायला पुस्तकांत एक चित्र ठरलेलं असतं: नेमबाजीचा फलक, मधोमध लाल ठिपका आणि गोळ्यांची भोकं. भोकं एकाच जागी दाटलेली पण ठिपक्यापासून दूर, तर नेमबाज काटेकोर आहे पण अचूक नाही. भोकं ठिपक्याभोवती चहूकडे विखुरलेली, तर उलटं. चित्र चांगलं आहे. तरी त्यात एक मोठी सवलत दडलेली आहे: ठिपका आपल्याला दिसतो. प्रत्यक्ष मोजायला बसलेल्या माणसाला तो कधीच दिसत नाही. त्याच्यासमोर फलकाची पाठ असते, कोरा पुठ्ठा आणि त्यावर नुसती भोकं. ती एके ठिकाणी दाटली की मन निर्धास्त होतं. पण ठिपका कुठे आहे, हे त्या भोकांकडे रात्रभर बघत बसलं तरी कळत नाही.

मला हे पुस्तकापेक्षा लंबकाच्या प्रॅक्टिकलला जास्त स्पष्ट दिसलं. एक मीटर दोरी, तिला टांगलेला गोळा, हातात स्टॉपवॉच. वीस ऑसिलेशनना, म्हणजे गोळ्याच्या वीस पूर्ण ये-जांना, लागणारा वेळ मोजायचा, वीसने भागायचं आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं. उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवं. एका मुलीचं १०.९ आलं. तिची वही बघण्यासारखी होती: ३८.१ सेकंद, ३८.२, पुन्हा ३८.१. शेजारच्या टेबलावरच्या मुलाची रीडिंग ३९.२, ४०.६, ४०.१ अशी वेडीवाकडी, आणि त्याचं उत्तर मात्र ९.९. ती वैतागून म्हणाली, "मॅडम, माझी तिन्ही रीडिंग सारखी आली आहेत. त्याची तर कुठलीच जुळत नाहीत. मग माझं चुकेल कसं?"

"तू परत एकदा मोज, मी बघते," म्हटलं. गोळा टोकाला पोचला, तिने घड्याळाचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी म्हणाली, "एक." तिथेच सगळं होतं. सुरुवातीला 'शून्य' म्हणायला हवं. 'एक'पासून सुरू केलं की 'वीस' म्हणेपर्यंत एकोणीसच ऑसिलेशन होतात. तिचा हात स्थिर होता, नजर पक्की होती, म्हणून तिची चूकही प्रत्येक वेळी तितक्याच शिस्तीत होत होती. ती पुन्हा मोजायला एका पायावर तयार होती. पण त्याच पद्धतीने शंभर वेळा मोजलं असतं तरी १०.९ च आलं असतं, आणि शंभराव्या वेळी तिची खात्री आणखी घट्ट झाली असती.

हेच मला या दोन शब्दांबद्दल मुख्यतः म्हणायचं आहे. काटेकोरपणा आपल्या हातात असतो. मेहनत केली, चांगलं उपकरण घेतलं, रीडिंग वाढवली, की तो वाढतो, आणि वाढला हे आपलं आपल्याला दिसतंही. अचूकपणाचं तसं नाही. त्यासाठी आपल्या वहीबाहेरचं काहीतरी लागतं: वेगळी पद्धत, वेगळा माणूस, वेगळं यंत्र. त्या मुलीला उत्तर आधीच ठाऊक होतं, म्हणून चूक सापडली. जिथे उत्तर जगात कुणालाच ठाऊक नाही, तिथे काय करायचं?

तिथे भारताची जमीन मोजायला निघालेले सर्व्हेअर विल्यम लॅम्टन आठवतात. आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला त्यांची कबर आहे. १८२३ च्या जानेवारीत नागपूरच्या वाटेवर असताना तिथे त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते सत्तरीच्या घरात होते आणि अजून मोजतच होते. १८०२ साली त्यांनी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजली. त्या रेषेवर पहिला त्रिकोण उभा राहिला, त्रिकोणावर त्रिकोण, आणि ती साखळी पुढे थेट हिमालयापर्यंत गेली. साडेसात मैल मोजायला हातात शंभर फुटी पोलादी साखळी, म्हणजे ती सुमारे चारशे वेळा उचलून पुढे ठेवायची. उन्हाने पोलाद लांबतं, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवायची आणि सोबत थर्मामीटर लावून तपमान टिपायचं. कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या मंदिरावर तो चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याचं मोजणीचं वर्तुळ वाकलं. लॅम्टननी तंबूत बसून सहा आठवडे खपून ते वर्तुळ हातांनी मूळ आकारावर आणलं. हे वाचते तेव्हा मला त्या माणसाविषयी अपार आदर वाटतो. साम्राज्याच्या नकाशांनी पुढे काय केलं हा वेगळा आणि कडू विषय आहे, तो इथे मिटवायचा नाही. पण या कामातला काटेकोरपणा अव्वल होता.

आणि तरीही गणित जुळेना. लॅम्टन यांच्यामागून जॉर्ज एव्हरेस्ट यांनी साखळी उत्तरेला नेली. मध्य भारतातलं कल्याणपूर आणि दिल्लीच्या उत्तरेचं कलियाना, मधलं अंतर सुमारे ६०० किलोमीटर. या दोन ठिकाणांच्या अक्षांशांतला फरक दोन वाटांनी काढता येत होता. एक वाट जमिनीवरची, त्रिकोणांच्या साखळीतून. दुसरी आकाशातली, दोन्ही ठिकाणी तारे बघून. दोन्ही उत्तरांत ५.२३६ सेकंदांचा फरक पडला. घड्याळाचे सेकंद नव्हेत, कोनाचे. जमिनीवर त्याचे सुमारे १६० मीटर होतात. सहाशे किलोमीटरांत १६० मीटर म्हणजे कुणीही सोडून द्यावं असं. पण या मंडळींच्या कामाचा दर्जा पाहता ते फार होतं. एव्हरेस्ट यांनी तो मोजणीत साचत गेलेला दोष मानला आणि त्रिकोणांच्या साखळीत वाटून टाकला.

ज्यांनी तो सोडला नाही ते सर्वेक्षण खात्यातले नव्हते. जॉन हेन्री प्रॅट हे कलकत्त्याचे आर्चडीकन, म्हणजे चर्चमधले अधिकारी, आणि शिक्षणाने गणिती. त्यांनी बोट ठेवलं ते ओळंब्यावर. गवंडी भिंत उभी आहे का ते बघायला दोरीला वजन टांगतो, तोच ओळंबा. ताऱ्याची उंची मोजायची तर 'सरळ वर' कुठे हे आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवतो ओळंबा. तो सरळ खाली लोंबतो यावर कुणाला शंका येणार? पण कलियानाच्या उत्तरेला हिमालय आहे. इतक्या प्रचंड वस्तुमानाने ओळंब्याला आपल्याकडे खेचलं, तर तो किंचित तिरका राहणार. तो रोज तितकाच, प्रत्येक रीडिंगला तितकाच तिरका राहणार. निरीक्षक बदला, रात्र बदला, तारा बदला, रीडिंगं एकमेकांशी सुंदर जुळणार, आणि सगळी मिळून चुकणार.

लंबकाच्या टेबलावरचं 'एक' आणि हिमालयाने ओढलेला ओळंबा, दोन्हींत चुकीची जात एकच आहे. अशा चुकीला सरासरीचा काही उपाय चालत नाही, कारण सरासरी इकडेतिकडे पडलेल्या चुका एकमेकींत जिरवते. एकाच बाजूला झुकलेल्या चुका ती जशाच्या तशा राखते.

प्रॅट तिथेच थांबले असते तर गोष्ट छान संपली असती. पण त्यांनी हिमालयाच्या आकारावरून ओळंबा किती ओढला जायला हवा याचं गणित मांडलं आणि १८५५ मध्ये प्रसिद्ध केलं. दोन ठिकाणांमधला फरक १५.८८५ सेकंद निघाला, प्रत्यक्षातल्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे हिमालय ओढत तर होता, पण त्याच्या देहाच्या मानाने फारच कमी. त्याच वर्षी ब्रिटनचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचवलं: पर्वत जमिनीवर नुसते ठेवलेले नाहीत, त्यांच्याखाली हलक्या खडकाची खोल मुळं आहेत आणि ती खालच्या जड थरावर तरंगत आहेत. प्रॅट यांनी पुढे थोडं वेगळं स्पष्टीकरण दिलं. भूगोलाच्या पुस्तकात आज 'समस्थायित्व' या नावाने जे शिकवतात, त्याची सुरुवात ही. १६० मीटरच्या एका न जुळणाऱ्या हिशोबातून पृथ्वीच्या कवचाची घडण उमगायला लागली. एकाच वाटेने मोजून समाधान मानलं असतं, तर तो हिशोब न जुळण्याचा प्रश्नच आला नसता.

दुसरी वाट हाताशी असूनही तिचं ऐकलं नाही तर काय होतं, याचं उदाहरण हबल दुर्बिणीचं आहे, आणि ते मला प्रत्येक वेळी अस्वस्थ करतं. एप्रिल १९९० मध्ये ती अवकाशात गेली. तिच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशाइतकी गुळगुळीत घासणी तोवर क्वचितच झाली होती. पण फोटो आले ते अंधूक. आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रोमीटरने जास्त सपाट घासला गेला होता, केसाच्या जाडीचा कुठलासा पन्नासावा भाग. घासणी तपासायचं जे मुख्य उपकरण होतं, त्यातलंच एक भिंग १.३ मिलिमीटर जागा चुकून बसवलेलं होतं. त्यामुळे आरसा फार काटेकोरपणे चुकीच्या आकारात घडवला गेला. त्याहून जिव्हारी लागणारी बाब चौकशी समितीच्या अहवालात आहे. दुसऱ्या, साध्या उपकरणांनी केलेल्या तपासण्यांत दोष दिसला होता. पण ती उपकरणं कमी दर्जाची, म्हणून त्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं गेलं. कमी काटेकोर साक्षीदार खरं बोलत होता. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती बसवली आणि मग हबलने जे दाखवलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

उत्तर आधीच ठाऊक असण्याचाही एक धोका आहे. रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. १९१३ च्या त्यांच्या आकड्याला त्यांनी दिलेली संभाव्य चूक अगदी लहान होती, पण हवेच्या चिकटपणाची किंमत थोडी चुकीची घेतल्यामुळे भार आजच्या किमतीपेक्षा सुमारे ०.६ टक्क्याने कमी आला. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ च्या एका दीक्षान्त भाषणात पुढची कथा सांगितली: नंतर मोजणाऱ्यांनी खऱ्या आकड्यावर एकदम उडी मारली नाही, तो हळूहळू सरकत वर गेला. मिलिकनपासून दूरचं उत्तर आलं की लोक आपल्या प्रयोगात चूक शोधत बसायचे. जवळचं आलं की शोधत नसत. माझ्या प्रयोगशाळेतही ९.८ आलं की कुणी दोरी पुन्हा मोजत नाही. म्हणून मी १०.९ खोडू देत नाही. ते जर्नलमध्ये तसंच ठेवायचं आणि खाली कारण लिहायचं. त्या मुलीने लिहिलेलं कारण चार ओळींचं होतं. त्या वर्षी मी तपासलेल्या जर्नलांत मला ते सर्वांत मोलाचं वाटलं.

घरातही हे रोज घडतं. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी प्रत्येक वेळी वाढीवच दिसतं, तीनदा मोजलं तरी. सर्वेक्षणांच्या बातम्यांत '६३.७ टक्के लोकांना वाटतं' असं वाचलं की मला त्या दशांशाआधी हे विचारावंसं वाटतं, की विचारलं कुणाला आणि कुणाला विचारायचं राहिलं. भाजीवाल्याच्या वजनांवर मात्र वैधमापन खात्याचा शिक्का असतो. त्या शिक्क्याचा अर्थ इतकाच, की हे वजन बाहेरच्या एका प्रमाणित वजनाशी ताडून पाहिलं आहे.

मग ते बाहेरचं वजन कशाशी ताडलेलं? त्याहून वरच्या वजनाशी. अशी शिडी चढत गेलं की दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतला, प्लॅटिनम-इरिडियमचा ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम येतो, आणि त्याच्यावर पॅरिसजवळ सेव्र इथे तिजोरीत ठेवलेला मूळ ठोकळा. १८८९ पासून किलो म्हणजे तोच. पुढे त्याच्या प्रती त्याच्याशी ताडल्या, तेव्हा शतकभरात सुमारे ५० मायक्रोग्रॅमची तफावत पडलेली दिसली. मूळ ठोकळा हलका झाला की प्रती जड झाल्या? हा प्रश्न विचारायलाही जागा नव्हती, कारण व्याख्येनुसार मूळ ठोकळा चुकूच शकत नव्हता. शिडीच्या वरच्या टोकाला 'बाहेर' असं काही उरलंच नव्हतं.

म्हणून किलो एखाद्या वस्तूऐवजी निसर्गाच्या स्थिरांकावर, प्लांकच्या स्थिरांकावर बसवायचं ठरलं. तो स्थिरांक मोजायच्या दोन वाटा होत्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. एक किबल तराजू, ज्यात वजनाचा तोल विजेच्या बळाने सांभाळतात. दुसरी, सिलिकॉनच्या जवळजवळ निर्दोष गोलातले अणू मोजायची. या शतकाच्या सुरुवातीला दोन्हींच्या उत्तरांत दहा लाखांत एक इतका फरक येत होता. कुठल्या तरी एका वाटेला मान देऊन मोकळं होणं सोपं होतं. त्याऐवजी जवळजवळ एकाच समस्थानिकाचं, म्हणजे सारख्याच वजनाच्या अणूंचं, सिलिकॉन-२८ चं नवं स्फटिक घडवलं: शुद्धीकरण रशियात, स्फटिक जर्मनीत, गोल घासणं ऑस्ट्रेलियात. व्याख्या बदलण्याआधी किमान तीन स्वतंत्र प्रयोग एकमेकांशी जुळले पाहिजेत आणि त्यांत दोन्ही वाटा असल्या पाहिजेत, अशी अट घातली गेली. ती पुरी व्हायला २०१७ उजाडलं. १६ नोव्हेंबर २०१८ ला व्हर्सायला देशोदेशींच्या प्रतिनिधींनी मतदान केलं आणि २० मे २०१९ पासून सेव्रचा ठोकळा किलो राहिला नाही. आता इतर कुठल्याही वजनासारखं त्याचंही वजन करता येतं.